कारंजं पाण्यात, वीज मात्र वायरीत!

परसबागेत एखादं छोटंसं तळं असावं, त्यात दोन-चार कमळं, पाच-पंचवीस गप्पी मासे आणि मधोमध थुईथुई नाचणारं कारंजं असावं, असं कुणाला वाटणार नाही? हल्ली बंगल्याच्या अंगणात, शाळेच्या बागेत, गावाकडच्या घरामागे, एवढंच काय गच्चीवरसुद्धा अशी तळी दिसू लागली आहेत. गुडघाभर खोल खड्डा खणायचा, त्यात जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरायचा, कडेनं दगड रचायचे, की झालं तळं तयार!

पण नुसतं पाणी साठवून भागत नाही. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूच्या डासाची मादी अंडी घालते आणि आठ-दहा दिवसांत त्या अंड्यांतून डासांची नवी फौज बाहेर पडते. शिवाय पाण्यातल्या माशांना श्वास घ्यायला प्राणवायू लागतो. गंमत अशी, की पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. म्हणजे ऐन उन्हाळ्यात माशांची पंचाईतच! पाणी सतत खळबळत ठेवलं, वर उडवून खाली पाडलं, तर हवेतला प्राणवायू त्यात मिसळत राहतो आणि हलत्या पाण्यात डासही सहसा अंडी घालत नाहीत. उरलीसुरली अंडी-अळ्या गप्पी मासे गट्ट करतात. म्हणून तळ्याला हवा एक छोटासा पंप.

पूर्वी कारंजी कशी उडायची, असं तुम्ही विचाराल. पुण्याच्या शनिवारवाड्यातलं हजारी कारंजं सहलीत पाहिलं असेल. पेशव्यांच्या काळी विजेचे पंप कुठले असायला? नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमाराला, कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालच्या बांधीव नळातून पुण्यातल्या हौदांत आणलं गेलं. कात्रज उंचावर, पुणे सखल भागात. उंचावरचं पाणी खाली धावतं, आणि त्याच जोरावर कारंज्यातून वर उसळतं. सगळं काम उताराचं!

आता आपल्या परसात कात्रजची उंची कुठून आणायची? म्हणून पंप आला आणि पंपाबरोबर वीज आली. पाणी आणि वीज एकाच ठिकाणी आली, की मात्र डोळ्यांत तेल घालून काळजी घ्यावी लागते. ही काळजी कशी घ्यायची, आणि का घ्यायची, ते आज समजून घेऊ या.

एक छोटंसं गणित

परसातल्या तळ्यासाठी साधारण २० वॅटचा पंप पुरतो. आपल्या घरात वीज येते २३० व्होल्टची. वॅटला व्होल्टनं भागलं की अँपिअर मिळतात, म्हणजे तारेतून किती वीजप्रवाह वाहतो ते कळतं. करा बरं भागाकार! २० भागिले २३० म्हणजे सुमारे ०.०८७ अँपिअर. अँपिअरच्या हजाराव्या भागाला मिलिअँपिअर म्हणतात, तेव्हा हे झाले ८७ मिलिअँपिअर.

हा पंप दिवसरात्र चालू ठेवला, तर २४ तासांत ४८० वॅट-तास, म्हणजे अर्ध्या युनिटहूनही कमी वीज लागते. महिन्याला साधारण साडेचौदा युनिट. आई-बाबा म्हणतील, "एवढंच ना? लाव मग!"

"एवढंच ना?" हे मात्र विजेच्या बिलापुरतंच खरं आहे. हेच ८७ मिलिअँपिअर पंपातून न जाता माणसाच्या छातीतून गेले, तर जीव जाऊ शकतो. पंपाला पुरणारी चिमूटभर वीज माणसाला मात्र फार होते. आजच्या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच. ते लक्षात ठेवून पुढे वाचा.

शरीराला किती वीज सोसते?

इटलीतल्या बोलोन्या शहरात १७८० च्या दशकात लुइजी गॅल्व्हानी नावाचा शास्त्रज्ञ बेडकांवर प्रयोग करत होता. मेलेल्या बेडकाच्या पायाला वीज मिळाली, की तो पाय झटकन आखडायचा. स्नायू आणि मज्जातंतू विजेच्या इशाऱ्यावर हलतात, हे त्यातून लोकांच्या ध्यानात येऊ लागलं. आपला हात, आपली छाती, आपलं हृदय, सगळ्यांचं काम शरीरातल्या अतिशय क्षीण विजेवर चालतं. त्यात बाहेरची दांडगी वीज घुसली, की सगळा गोंधळ उडतो.

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथल्या चार्ल्स डाल्झिएल या प्राध्यापकांनी या गोंधळाचं मोजमाप केलं. स्वखुशीनं पुढे आलेल्या माणसांच्या हातातून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, त्यांनी थोडी थोडी वीज सोडून पाहिली. (तुम्ही असले प्रयोग स्वप्नातसुद्धा करायचे नाहीत बरं का!) १ मिलिअँपिअरच्या आसपास नुसत्या झिणझिण्या येतात. पुरुषांमध्ये सरासरी १६ आणि स्त्रियांमध्ये सरासरी साडेदहा मिलिअँपिअरला हाताचे स्नायू असे आखडतात, की पकडलेली तार सोडावीशी वाटली तरी सोडता येत नाही. "विजेनं धरून ठेवलं" असं आपण म्हणतो ना, ते हेच. खरं म्हणजे आपलाच हात तारेला धरून बसतो. मुलांच्या बाबतीत हा आकडा आणखी कमी असतो.

त्याहून पुढे, ३० मिलिअँपिअरच्या आसपास, छातीचे स्नायू आखडून श्वास घेणं कठीण होतं. आणि ५० ते १०० मिलिअँपिअर वीज एखाद-दुसरा सेकंद छातीतून गेली, तर हृदय ठोके द्यायचं सोडून नुसतंच थरथरू लागतं. थरथरणारं हृदय रक्त ढकलू शकत नाही. आता आपल्या पंपाचे ८७ मिलिअँपिअर आठवा!

मग कोरड्या हातानं कधी झटका बसला, तरी माणूस सहसा वाचतो तो कसा? कोरडी कातडी विजेला अडवते. तिचा रोध एक लाख ओहमपर्यंत असू शकतो. २३० भागिले १,००,००० म्हणजे फक्त २.३ मिलिअँपिअर. पण तीच कातडी भिजली, की शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास घसरतो. आता २३० भागिले १,००० करा. उत्तर येतं २३० मिलिअँपिअर! वीज तीच, माणूस तोच. फरक पडला तो फक्त ओलाव्याचा.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार अलीकडच्या वर्षांत आपल्या देशात विजेच्या धक्क्यानं दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसं दगावतात. त्यामुळे 'पंप तर एवढासा आहे' असं म्हणून चालत नाही.

शांत दिसणाऱ्या तळ्यातला धोका

आता एक कोडं. समजा, पंपाची वायर उंदरानं कुरतडली आणि आतली तांब्याची तार पाण्याला लागली. काय होईल? मोठा आवाज होईल? ठिणग्या उडतील? घरातली वीज जाईल?

पुष्कळदा यांपैकी काहीच होत नाही! आणि हीच खरी भीतीची गोष्ट आहे.

अगदी शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. पण तळ्याच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात, त्यामुळे ते विजेला वाट देतं. विजेला परत जायला जमीन हवी असते. तळं सिमेंटचं असेल, तर ओल्या सिमेंटमधून थोडी वीज जमिनीत झिरपते. पण आपल्या तळ्यात खाली प्लॅस्टिकचा कागद आहे, आणि प्लॅस्टिक वीज जाऊ देत नाही. मग वीज पाण्यातच दबा धरून बसते. कारंजं उडत असतं, मासे फिरत असतात, वरून काही म्हणजे काही दिसत नाही. इतक्यात कुणीतरी अनवाणी, ओल्या मातीवर उभं राहून, पाण्यात पडलेला चेंडू काढायला हात घालतं. विजेला जमिनीकडे जाणारी हवी ती वाट मिळते, आणि ती वाट असते त्या माणसाच्या अंगातून.

म्हणून तळ्याच्या पंपाची सगळी व्यवस्था अशी हवी, की वायर तुटली तरी माणसाचा हात पाण्याला लागण्याआधीच वीज बंद झाली पाहिजे.

फ्यूज कुणाचा, पहारेकरी कुणाचा?

"आमच्या घरात फ्यूज आहे की!" असं कुणी म्हणेल. नव्या घरांत फ्यूजच्या जागी एमसीबी नावाचे खटके असतात. तारेतून फार जास्त वीज वाहू लागली, की ते खटकन पडतात. पण 'फार जास्त' म्हणजे किती? घरातला लहानात लहान नेहमीचा खटका ६ अँपिअरचा, म्हणजे ६,००० मिलिअँपिअरचा. आपला पंप घेतो ८७. हा खटका पंपाच्या जवळजवळ ७० पट वीज आरामात जाऊ देतो. माणसाच्या अंगातून २३० मिलिअँपिअर गेले, तर त्याला पत्ताही लागणार नाही. फ्यूज आणि एमसीबी तारा जळू नयेत, घराला आग लागू नये म्हणून असतात. माणसासाठी पहारेकरी वेगळा लागतो. त्याचं नाव आरसीसीबी. जुने वायरमन त्याला ईएलसीबी म्हणतात.

हा पहारेकरी काम कसं करतो? शाळेची सहल आठवा. बसमध्ये चढताना बाई मुलं मोजतात: ४०. परत निघताना पुन्हा मोजतात: ४० भरली, की बस सुटते. ३९ भरली तर? बाई लगेच शिट्टी वाजवतात आणि बस थांबवतात. एक मूल कुठंतरी भलतीकडेच गेलंय!

आरसीसीबी अगदी असंच मोजतो. वीज फेजच्या तारेनं पंपाकडे जाते आणि न्यूट्रलच्या तारेनं परत येते. या दोन्ही तारा एका धातूच्या कड्यातून नेलेल्या असतात. गेली तितकीच वीज परत आली, तर दोघींचे चुंबकीय परिणाम एकमेकांना खोडून काढतात आणि कडं शांत राहतं. थोडी जरी वीज वाट चुकून पाण्यातून, मातीतून किंवा माणसातून जमिनीत गेली, तर हिशेब जुळत नाही. कड्यात चुंबकत्व जागं होतं, त्यावर गुंडाळलेल्या तिसऱ्या तारेत वीज येते आणि तिच्या इशाऱ्यानं खटका पडतो. घरासाठी वापरतात तो आरसीसीबी ३० मिलिअँपिअरच्या फरकाला जास्तीत जास्त ०.३ सेकंदात पडलाच पाहिजे, असा नियम आहे. फरक मोठा असेल, तर तो आणखी लवकर पडतो. झटका जाणवेल, पण हृदयाला धोका व्हायच्या आत वीज तुटलेली असेल.

अमेरिकेतल्या अशा उपकरणाचा शोध त्याच डाल्झिएल प्राध्यापकांनी १९६१ मध्ये लावला. तिथलं उपकरण तर ५ मिलिअँपिअरच्या आसपासच वीज तोडतं.

पण पहारेकऱ्याच्याही मर्यादा आहेत. कुणी एका हातानं फेज आणि दुसऱ्या हातानं न्यूट्रल धरली, तर गेलेली वीज त्या माणसातून बरोबर परत येते. मुलं ४० गेली, ४० आली. बाई शिट्टी कशाला वाजवतील? म्हणून आरसीसीबी लावला तरी उघड्या तारांशी खेळ नाही म्हणजे नाही. आणि तो लावला म्हणून एमसीबी काढून टाकायचा नसतो. दोघांची कामं वेगळी, दोघंही हवेत.

तिसरी पिन जाड का?

तीन पिनांचा प्लग नीट पाहा. वरची पिन जाड आणि लांब असते. लांब अशासाठी, की प्लग लावताना ती सगळ्यात आधी जोडली जावी आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी. जाड अशासाठी, की ती चुकूनही दुसऱ्या भोकात जाऊ नये. ही अर्थिंगची पिन. तिची हिरवी तार घराबाहेर जमिनीत पुरलेल्या पत्र्याला किंवा नळीला जोडलेली असते. पंपात काही बिघडलं, तर वीज या सोप्या वाटेनं जमिनीत जाते. गेलेली वीज आणि आलेली वीज यांचा हिशेब तिथेच चुकतो, आणि आरसीसीबी कुणी हात लावण्याआधीच पडतो. अर्थिंग नसेल, तर पहारेकरी कुणाला तरी झटका बसेपर्यंत वाट पाहत राहतो. अर्थिंग आणि आरसीसीबी ही जोडगोळी आहे, ती फोडायची नाही.

कित्येक ठिकाणी सॉकेटला तीन भोकं असतात, पण आत अर्थिंगची तारच जोडलेली नसते. भोक आहे म्हणजे अर्थिंग आहे असं समजू नका. ते वायरमनच यंत्र लावून तपासू शकतो.

घरापासून तळ्यापर्यंत

आता वीज तळ्याकडे न्यायची कशी? खिडकीतून लांबलचक वायर सोडायची, मध्ये एक जोड, त्याला काळी चिकटपट्टी, पुढे जमिनीवर पडलेला एक्स्टेन्शन बोर्ड आणि त्यावर पावसासाठी प्लॅस्टिकची पिशवी! असं दृश्य तुम्हीही पाहिलं असेल. हा उद्योग पहिल्या पावसापर्यंत टिकतो. मग चिकटपट्टी सुटते, पिशवीत पाणी साठतं, आणि वायरीवरून रोज सायकल जात असते ती वेगळीच.

चांगली पद्धत अशी. घराच्या विजेच्या पेटीतून तळ्यासाठी वेगळी लाइन काढतात. तिला स्वतःचा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असतो. तिथून जमिनीखालून जायला आर्मर्ड केबल वापरतात. हिच्या पोटात लोखंडी तारांचं चिलखतच असतं, त्यामुळे कुदळीचा घाव किंवा घुशीचे दात सहज आतपर्यंत पोचत नाहीत. आपल्या भारतीय मानकाप्रमाणे अशी केबल जमिनीखाली ७५ सेंटिमीटर खोल असावी. तिच्या खाली-वर वाळू, वर विटांचा थर, आणि त्यावर धोक्याची पट्टी. उद्या कुणी आंब्याचं रोप लावायला खड्डा खणू लागलं, तर आधी पट्टी दिसते, मग वीट लागते, केबल सुरक्षित राहते.

सॉकेट तळ्यापासून किमान २ मीटर दूर, मुसळधार पावसातही पाणी पोचणार नाही एवढ्या उंचीवर, झाकण असलेल्या पेटीत हवं. पंपाची वायर सॉकेटकडे जाताना आधी थोडी खाली लोंबू द्यायची आणि मग वर न्यायची. पावसाचं पाणी वायरीवरून ओघळत येतं ते त्या लोंबत्या भागावरून टपकून जातं, प्लगमध्ये शिरत नाही. साधीशीच युक्ती, पण किती कामाची!

पंप विकत घेताना त्यावर 'आयपी ६८' किंवा 'आयपीएक्स ८' असं लिहिलंय का ते पाहा. शेवटचा ८ म्हणजे कायम पाण्याखाली राहायला योग्य. शेवटी ४ असेल, तर ते उपकरण फक्त शिंतोडे सोसतं. पंपाची वायर पुरेशी लांब घ्यावी, म्हणजे पाण्यात जोड द्यायची वेळच येत नाही. पाण्याखाली जोड कधीच, कधीच नको!

त्याहूनही सोपा उपाय

२३० व्होल्टची वीज पाण्याजवळ न्यायचीच नाही, असं केलं तर? होय, तेही जमतं. १२ व्होल्टवर चालणारे छोटे पंप मिळतात. घरातच एक सेफ्टी ट्रान्सफॉर्मर बसवायचा. त्यात दोन वेगवेगळी वेटोळी असतात. एकात २३० व्होल्ट शिरतात, दुसऱ्यातून १२ व्होल्ट बाहेर पडतात, आणि दोघांमध्ये तारेचा काहीच संबंध नसतो, फक्त चुंबकत्वाचा असतो.

पुन्हा गणित करा: १२ भागिले १,००० म्हणजे १२ मिलिअँपिअर. हेही अगदी थोडं नव्हे. पण २३० च्या मानानं किती कमी! शिवाय दुसऱ्या वेटोळ्याचा जमिनीशी संबंध नसल्यानं एक तार पाण्याला लागली, तरी विजेला जमिनीतून परत जायची वाटच सापडत नाही. माणसं ज्यात उतरतात त्या पोहण्याच्या तलावात पाण्यातल्या दिव्यांसारख्या उपकरणांना १२ व्होल्टपेक्षा जास्त ए.सी. वीज देऊ नये, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, तो याचसाठी.

आणि तळ्यावर दिवसभर ऊन पडत असेल, तर सूर्यच कामाला लावा. छोटं सौर पॅनेल आणि कमी व्होल्टचा पंप. ना खणाखणी, ना विजेचं बिल. ढग आला की कारंजं थोडं दमतं, ढग गेला की पुन्हा उड्या मारू लागतं. रात्री मात्र ते झोपतं.

तुमचं काम: तळ्याचे पहारेकरी व्हा!

वायर जोडणं, सॉकेट उघडणं, खटके बसवणं ही कामं सरकारी परवाना असलेल्या वायरमनचीच. तुम्ही कितीही हुशार असलात, विज्ञानात पैकीच्या पैकी मिळवत असलात, तरी! पण पहारेकऱ्याची कामं तुम्हाला नक्की जमतील.

१. वायरमन केबल टाकत असताना वहीत नकाशा काढा. घराच्या भिंतीपासून किती पावलांवर केबल वळते, किती खोल आहे, ते लिहा. तारीख घाला. दहा वर्षांनी हा नकाशा सोन्याच्या मोलाचा ठरेल.

२. महिन्यातून एकदा, मोठ्या माणसाला सोबत घेऊन, आरसीसीबीवरचं 'टी' लिहिलेलं बटण दाबा. खटका पडलाच पाहिजे. मग तो पुन्हा वर करा. पडला नाही, तर पहारेकरी झोपलाय! पंप बंद ठेवून वायरमनला बोलवा. कॅलेंडरवर दर महिन्याच्या १ तारखेला खूण करून ठेवा.

३. जाता-येता वायर नजरेनं तपासा. कुरतडलेली, चिरलेली, उन्हानं तडकलेली दिसली, तर हात न लावता घरात सांगा.

४. पंप साफ करायचा असेल, मासा काढायचा असेल, चेंडू पडला असेल, तर आधी मोठ्यांकडून बटण बंद करून घ्या आणि प्लगही काढून घ्या. मगच हात पाण्यात. पंप वायरीला धरून वर ओढू नका.

५. वीज गेलीय म्हणून पाण्यात हात घालू नका. ती कुठल्या क्षणी येईल याचा नेम नसतो. शिवाय घरात इन्व्हर्टर असेल, तर वीज गेल्यावरही त्या सॉकेटमध्ये वीज असू शकते.

६. ढगांचा गडगडाट सुरू झाला, की पंपाचा प्लग काढून ठेवायची आठवण मोठ्यांना आधीच करा, आणि तुम्ही घरात या.

७. तळ्याला, ओल्या दगडाला किंवा नळाला हात लागून बारीकशा झिणझिण्या आल्या, तर "बघू पुन्हा येतात का" असं करू नका. ती धोक्याची पहिली घंटा आहे. लांब व्हा आणि मोठ्यांना सांगा.

झटका बसलाच तर?

कुणाला विजेचा झटका बसून ते तळ्यात किंवा तळ्याकाठी पडलं असेल, तर पहिली ऊर्मी असते धावत जाऊन ओढण्याची. नेमकं तेच करायचं नाही. तुम्ही हात लावलात, तर वीज तुमच्याही अंगात येईल, आणि एकाच्या जागी दोघं पडतील. आधी घरात धावा आणि मेन स्विच बंद करा. मेन स्विच कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला, अगदी आजीलासुद्धा, माहीत हवं. सोबत जोरजोरात ओरडून मोठ्यांना बोलवा. वीज बंद झाल्याची खात्री झाल्यावरच मोठ्यांनी त्या व्यक्तीला बाजूला घ्यावं. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. ११२ वरही मदत मिळते. श्वास चालत नसेल, तर शिकलेल्या माणसानं लगेच छातीवर दाब देणं सुरू करावं. झटका बसलेला माणूस उठून "काही झालं नाही मला" म्हणाला, तरी त्याला डॉक्टरांना दाखवाच. हृदयाचा बिघाड कधीकधी उशिरा लक्षात येतो.

आई-बाबांसाठी चार ओळी

तळ्याचं काम सुरू करण्यापूर्वी वायरमनला हे प्रश्न जरूर विचारा. या लाइनला वेगळा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का? घराचं अर्थिंग शेवटचं कधी मोजलं? केबल बागेत पुरण्यासाठी बनवलेली आहे, की घरातलीच वायर पाइपात घालणार आहात? १२ व्होल्टचा पंप चालेल का? काम झाल्यावर तुमच्यासमोर 'टी' बटण दाबून दाखवायला सांगा. माशांच्या काचेच्या टाकीसाठी मिळणारे दोन पिनांचे छोटे पंप घरात वापरण्यासाठी असतात, ते अंगणातल्या तळ्यात सोडू नका. आणि २३० व्होल्टचा पंप चालू असताना मुलांना त्या पाण्यात खेळायला उतरू देऊ नका, मग कितीही उकाडा असो.

तर मित्रांनो, तळं हवंच, कमळं हवीत, मासेही हवेत. वीजही हवी, पण तिनं आपली वाट सोडता कामा नये. तुमच्याकडे तळं नसलं, तरी हरकत नाही. पाण्याची मोटर, गीझर, कपडे धुण्याचं यंत्र, कूलर, हे सगळे पाणी आणि वीज यांचेच शेजारी. या रविवारी आई किंवा बाबांचा हात धरून मीटरच्या पेटीपाशी जा आणि 'टी' लिहिलेलं बटण सापडतं का ते शोधा. सापडलं, तर त्यांच्यासमोर दाबून पाहा. सापडलं नाही, तर सोमवारी वायरमनला बोलवायची आठवण करून देणं हे तुमचं काम. कराल ना?